न बोलता केलेल्या सुधारणा

नरसिंह रावांबद्दलचा वाद बहुतेक वेळा दोन तारखांवर येऊन अडतो. २४ जुलै १९९१, आर्थिक सुधारणांचा दिवस, आणि ६ डिसेंबर १९९२, अयोध्येतली बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस. ज्यांना राव पटतात ते पहिली तारीख पुढे करतात, ज्यांना पटत नाहीत ते दुसरी. माझं मत असं की या दोन्ही तारखा समजून घ्यायच्या असतील तर आणखी वीस वर्षं मागे, १९७२ सालच्या हैदराबादला जायला हवं. तिथे हा माणूस उघडपणे, नाव घेऊन, शत्रू अंगावर घेऊन सुधारणा करत होता. त्यात त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं.

महाराष्ट्राला राव तसे परके नव्हते. शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि पुढे नागपुरात, हैदराबाद मुक्तिसंग्रामात काम चांद्याच्या सीमेवरल्या छावणीत, लोकसभेवर १९८४ आणि १९८९ साली निवड रामटेकमधून. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनीच तेलुगूत नेली. तरीही आपल्याकडे त्यांच्याबद्दल लिहिताना आंध्रातलं ते सव्वा वर्ष कुणी फारसं काढत नाही.

३० सप्टेंबर १९७१ ला ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा त्यांना करायचा होता. असा कायदा येणार हे कळल्यापासून तो लागू होईपर्यंतचा काळ हाच त्याचा सगळ्यात कच्चा दुवा असतो. तेवढ्या अवधीत वाटण्या होतात, बक्षीसपत्रं होतात, जमीन मेव्हण्याच्या, भाच्याच्या, घरच्या गड्याच्या नावावर चढते. म्हणून रावांनी आधी २ मे १९७२ पासून शेतजमिनीच्या हस्तांतरणावरच बंदी आणली. पुढच्या कायद्यात २४ जानेवारी १९७१ नंतरचे व्यवहारही तपासणीखाली घेतले गेले. मर्यादा जमिनीच्या प्रतीनुसार ठरली: पाच जणांच्या कुटुंबाला ओलिताची १० ते २७ एकर, कोरडवाहू ३५ ते ५४ एकर. सप्टेंबर १९७२ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं. वंगरा गावची स्वतःची बरीच जमीनही त्यांनी यात सोडली.

पुढच्याच महिन्यात, ३ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले. तेलंगणातल्या नोकऱ्या स्थानिकांना राखून ठेवणारे हे नियम. किनारी आंध्रात वेगळ्या राज्यासाठी ‘जय आंध्र’ आंदोलन पेटलं. वरवर प्रश्न नोकऱ्यांचा होता, पण डेल्ट्यातल्या ज्या बड्या जमीनदारांना कमाल मर्यादा झोंबली होती त्यांनी या आगीत हात धुऊन घेतले. जानेवारी १९७३ मध्ये राव पायउतार झाले आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. जमिनीचा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १ जानेवारी १९७५ उजाडला, तेव्हा खुर्चीवर दुसरं कुणी होतं. कागदावर अतिरिक्त ठरलेली जमीन आणि भूमिहीनाच्या हातात पडलेली जमीन यांत मोठं अंतर राहिलं.

सुधारणा जाहीर करून केली की तिच्या विरोधकांना एकत्र यायला वेळ आणि कारण दोन्ही मिळतं, हा धडा रावांनी त्या सव्वा वर्षात घेतला, असं मला ठामपणे वाटतं. यानंतरचे राव वेगळे आहेत. केंद्रात परराष्ट्र, गृह, मनुष्यबळ विकास अशी मोठमोठी खाती सांभाळली, पण आवाज कधी चढला नाही. नवोदय विद्यालयांची योजना त्यांच्याच शिक्षणखात्यातून निघाली. पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. या योजनेमागे त्यांनीच आंध्रात १९७१ मध्ये सर्वेल इथे काढलेल्या निवासी शाळेचा अनुभव होता. हे किती जणांना ठाऊक आहे?

आता १९९१. राव २१ जूनला पंतप्रधान झाले. पक्षाला बहुमत नव्हतं. परकीय चलनाची गंगाजळी शंभर कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. आधीच्या चंद्रशेखर सरकारने मे महिन्यात जप्तीतलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला पाठवून पैसे उभे केले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवलं आणि सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले.

अवमूल्यन दोन टप्प्यांत करायचं ठरलं. १ जुलैला सुमारे नऊ टक्के, ३ जुलैला सुमारे अकरा टक्के. पहिलं पाऊल टाकून बाजार काय करतो ते पाहायचं आणि मग दुसरं टाकायचं, असा हिशेब होता. पहिल्या दिवशी ओरड झाली, राव बिचकले आणि दुसरं पाऊल थांबवा असा निरोप त्यांनी मनमोहन सिंगांना दिला. सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावेपर्यंत नवा दर जाहीर होऊन गेला होता. डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. ‘निर्भीड सुधारक राव’ असं चित्र काढणाऱ्यांनी हा निरोप विसरू नये. मात्र दर बाहेर पडल्यावर त्यांनी तो बदलला नाही आणि खापर अर्थमंत्र्यांवर फोडलं नाही, हेही तितकंच खरं.

त्याहून जास्त शिकण्यासारखी गोष्ट औद्योगिक परवान्यांची आहे. त्या काळी मध्यम आकाराचा कारखाना काढायचा तर आधी इरादापत्र, मग औद्योगिक परवाना, यंत्रं बाहेरून आणायची तर भांडवली मालाच्या आयातीची वेगळी मंजुरी, परदेशी तंत्रज्ञान घ्यायचं तर सहकार्य कराराला वेगळी, शेअर विकायचे तर भांडवल नियंत्रकाची वेगळी, आणि समूहाची मालमत्ता १०० कोटींच्या वर असेल तर मक्तेदारी कायद्याखाली आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर वेगळी समिती. परवान्यात क्षमतेचा आकडा लिहिलेला असायचा आणि त्याहून फार जास्त माल काढला तर तो गुन्हा.

हे सगळं उभं होतं १९५१ च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्यावर. रावांच्या सरकारने हा कायदा रद्द केला नाही. रद्द करायचा तर संसदेत विधेयक, चर्चा, मतदान. आणि मतं तर हातात नव्हती. त्याच कायद्यात केंद्र सरकारला सूट देण्याचा अधिकार देणारं एक कलम होतं, २९ ब. ते वापरून २५ जुलै १९९१ ला अधिसूचना निघाली आणि १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांना परवान्यातून सूट मिळाली. चाळीस वर्षांची व्यवस्था तिच्याच पोटातल्या अपवादाच्या कलमाने मोडली गेली. मक्तेदारी कायद्यातली मालमत्तेची अट सप्टेंबरमध्ये अध्यादेशाने गेली. ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला वाट मोकळी झाली, सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आले.

आदल्या दिवशी, २४ जुलैला, हे धोरण लोकसभेत मांडलं कुणी? उद्योगखातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, पण निवेदन सभागृहापुढे ठेवलं राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी, दुपारी, फारसं भाषण न करता. संध्याकाळी मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं त्याने भरली. मंत्रिमंडळात मसुद्याला विरोध झाला होता. तेव्हा आशय जवळपास तसाच ठेवून पुढे नेहरू आणि इंदिरा गांधींच्या धोरणांचा गौरव करणारे परिच्छेद जोडले गेले, आणि मसुदा संमत झाला. पुढच्या एप्रिलमध्ये तिरुपतीच्या अधिवेशनातही रावांनी हा सगळा नेहरूंचाच मध्यम मार्ग असल्याचं सांगितलं. श्रेय कुणाचं, रावांचं की सिंगांचं, हा वाद तीस वर्षं चालला आहे. मला त्यात अर्थ दिसत नाही. श्रेय कुणाच्याच नावावर स्पष्ट दिसू नये ही तर या कामाची रीतच होती.

या रीतीची मर्यादाही तिथेच आहे. अधिसूचनेने जेवढं होतं तेवढंच झालं. जिथे लोकांना समजावून सांगावं लागतं, मतं मागावी लागतात, तिथे हात घातला गेला नाही किंवा घालून मागे घेतला गेला. खताचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, आणि रावांवरच्या चर्चेत ते जवळजवळ कधीच येत नाही.

जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढल्या. स्वपक्षाच्याच खासदारांनी गदारोळ केला. ६ ऑगस्टला वाढ ३० टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना तीही माफ झाली. एकाच पोत्याला दोन भाव लावले की स्वस्त पोतं महाग भावाच्या शेतात पोचणारच. ही सूट फार टिकण्यासारखी नव्हती. मग २५ ऑगस्ट १९९२ ला स्फुरद आणि पालाशयुक्त खतं, म्हणजे डीएपी, पोटॅश वगैरे, नियंत्रणमुक्त झाली. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला. युरियाचे कारखाने देशात, त्यामागचं राजकारण मोठं, आणि शेतकऱ्याच्या तोंडी नाव युरियाचंच. वर त्याची किंमत १० टक्क्यांनी कमी केली गेली.

परिणाम एका हंगामात दिसला. देशभरातलं नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होतं, ते १९९२-९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झालं. सर्वसाधारण शिफारस ४ : २ : १ ची. डीएपी आणि पोटॅश महागले तेव्हा शेतकऱ्याने ते कमी केले आणि ती कसर स्वस्त युरियाने भरून काढली. युरियाचा परिणाम आठ दिवसांत डोळ्यांना दिसतो, पीक काळंभोर हिरवं होतं. पालाशची कमतरता दिसते ती उशिरा, दाणा भरताना, वारा सुटल्यावर पीक लोळतं तेव्हा. नुसत्या नत्रावर वाढलेलं लुसलुशीत पीक रसशोषक किडींना आयतं मिळतं. जमिनीतला स्फुरद-पालाशचा साठा उपसला जातो तो वेगळाच. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हाही युरिया त्याबाहेरच ठेवला गेला. अर्धी सुधारणा ही काही वेळा न केलेल्या सुधारणेपेक्षा वाईट पडते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

शेतीच्या बाकी बेड्याही तशाच राहिल्या. परवान्याची अट कायम राहिलेल्या १८ उद्योगांत साखर होती. ती १९९८ मध्ये मोकळी झाली. महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी चालूच होती. आवश्यक वस्तू कायदा होता, निर्यातबंदीची टांगती तलवार होती. शरद जोशींसारखा शेतकऱ्यांचा नेता डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या कराराच्या मसुद्याच्या, बाजूने उभा राहिला तो याच मुद्द्यावर, की कारखानदाराला मोकळीक देता तर शेतकऱ्याला का नाही. त्या प्रश्नाला रावांच्या सरकारने उत्तर दिलं नाही.

वित्तीय तूट कमी केली ती कशी, हेही पाहायला हवं. सरकारचा रोजचा खर्च फारसा कमी झाला नाही, कात्री लागली ती भांडवली खर्चाला: वीज, रस्ते, पाटबंधारे. रेशनवरचं धान्य महागलं. १९९१-९२ मध्ये वाढीचा दर दीड टक्क्याच्याही खाली होता आणि ऑगस्टमध्ये महागाई १६ टक्क्यांच्या वर. तीन वर्षांनी विकासदर सात टक्क्यांकडे गेला हे खरं, पण मधली वर्षं ज्यांनी काढली त्यांची नोंद सुधारणांच्या गौरवग्रंथांत सापडत नाही.

काही कामं मात्र संयमानेच होतात आणि ती रावांनी उत्तम केली. रुपया एकदम मोकळा सोडला नाही. मार्च १९९२ पासून निर्यातदाराच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने, वर्षभराने दोन्ही दर एक, ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर पूर्ण परिवर्तनीयता, म्हणजे आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांसाठी रुपयाची परकीय चलनाशी मोकळी अदलाबदल. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. तूट भरायला हवे तेव्हा नोटा छापून घेण्याची सोय टप्प्याटप्प्याने बंद करायची असं त्यात ठरलं, आणि १९९७ ला ती बंद झाली. पैशाचं कोठार स्वतःच्या हाताने कुलूपबंद करणारं सरकार विरळाच.

आणि अयोध्या. इथे मी रावांना सूट देऊ शकत नाही.

त्यांची बाजू अशी की कायदा-सुव्यवस्था राज्याची, उत्तर प्रदेशच्या कल्याणसिंग सरकारने सर्वोच्च न्यायालयात लेखी हमी दिलेली, राज्यपालांनी १ डिसेंबरला राष्ट्रपती राजवटीच्या विरोधात कळवलेलं. मग केंद्राने काय करायचं? या घटनेची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगानेही १७ वर्षांनी साधारण हेच मान्य केलं. कागदावर ही बाजू उभी राहते. पण केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी नोव्हेंबरमध्येच राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वापरून वास्तू ताब्यात घेण्याची सविस्तर योजना तयार करून दिली होती. गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण. त्या योजनेचा सारा भर वेळेवर होता: कारसेवक जमण्याआधी, अचानक. लाख-दोन लाख माणसं जमल्यावर तीच योजना निरुपयोगी ठरणार होती. २३ नोव्हेंबरला राष्ट्रीय एकात्मता परिषदेने पंतप्रधानांना सर्वाधिकार दिले. निमलष्करी दलं फैजाबादजवळ येऊन थांबली. पण राज्य सरकार जागेवर असताना त्यांना पुढे जायला दंडाधिकाऱ्याची मागणी लागते, आणि कल्याणसिंगांनी तर गोळीबार न करण्याचे लेखी आदेश दिलेले. ६ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास हल्ला सुरू झाला, पाचच्या आत तिन्ही घुमट कोसळले. निघालेली दलं वाटेतूनच परत फिरवली गेली. दलं पाठवायची आणि त्यांना हुकूम देणारा अधिकार मात्र समोरच्याच्या हातात ठेवायचा, ही व्यवस्था अपयशी होणारच होती आणि ते आधी सांगितलं गेलं होतं.

जुलै १९९२ मध्ये रावांनी साधू-महंतांशी बोलून कारसेवा तीन-चार महिने थांबवली होती. मला वाटतं त्या यशानेच घात केला. वेळ काढला की प्रश्न दमतो, हा त्यांचा अनुभव. फाइल दमते, मंत्री दमतो. तारीख जाहीर करून निघालेला जमाव दमत नाही. पुढे मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत ९०० माणसं मेली, मग मार्चचे बॉम्बस्फोट, त्यात २५७. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हाही दिल्ली पोलीस ज्या खात्याखाली होते त्या गृहखात्याचे मंत्री राव होते. तेव्हाही ते गप्प राहिले. दोनदा घडलेली गोष्ट स्वभावाच्या खात्यावर मांडून मोकळं होता येत नाही.

वास्तू पडल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २२ आणि २३ डिसेंबरला, संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राजीव गांधींचा हा प्रयत्न १९८९ मध्ये राज्यसभेत पडला होता. पंचायतींना पाच वर्षांची निश्चित मुदत, बरखास्त झाली तर सहा महिन्यांत निवडणूक, वेगळा राज्य निवडणूक आयोग, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा. गावोगावच्या लाखो स्त्रिया यातून सरपंच आणि सदस्य झाल्या. हे मात्र अधिसूचनेने झालं नाही. घटनादुरुस्ती होती, दोन तृतीयांश मतं लागली, ती मिळवली गेली. म्हणजे रावांना हे जमत होतं. म्हणूनच जिथे त्यांनी प्रयत्न केला नाही तिथे ‘अल्पमतातलं सरकार होतं’ ही सबब मला पुरेशी वाटत नाही.

रावांचा वारसा आता तीन ठिकाणी वाटला गेला आहे. काँग्रेसने २४ डिसेंबर २००४ ला त्यांचं पार्थिव अकबर रोडवरच्या पक्षकार्यालयाच्या फाटकाबाहेर ताटकळत ठेवलं, अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. तेलंगणात त्यांची जन्मशताब्दी सरकारी इतमामाने झाली, भूमिपुत्र म्हणून. जमीन कमाल धारणेचा मुख्यमंत्री म्हणून त्यांची आठवण तिथेही क्वचितच निघाली. आणि भाजपला त्यांच्यात काँग्रेसने टाकलेला मोठा माणूस दिसतो, मात्र ६ डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तर प्रदेशचं आणि १५ डिसेंबरला आणखी तीन राज्यांचं सरकार बरखास्त करणारा पंतप्रधानही तोच, हे सोयीने मागे पडतं. १९९४ च्या बोम्मई निकालात त्या तीन बरखास्ती न्यायालयाने वैध ठरवल्या.

९ फेब्रुवारी २०२४ ला रावांना भारतरत्न जाहीर झालं. ते प्रदान झालं ३० मार्चला, मुलाने स्वीकारलं. या दोन तारखांच्या मध्ये, ४ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एक जुना निकाल मोडीत काढला. २८ जुलै १९९३ चा अविश्वास ठराव रावांच्या सरकारने २६५ विरुद्ध २५१ मतांनी परतवला होता, आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना त्यासाठी पैसे दिल्याचा खटला उभा राहिला होता. रावांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पण त्या शिक्षेआधीच, १९९८ मध्ये, घटनापीठाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला होता, की पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारावर खटला चालवता येत नाही. पैसे घेऊन मत न देणाऱ्यावर मात्र चालवता येतो. हा उफराटा नियम पंचवीस वर्षांहून जास्त काळ देशाचा कायदा होता आणि वकील तो ‘नरसिंह राव निकाल’ या नावानेच सांगत. ४ मार्चपासून तो राहिला नाही: लाच घेतली की गुन्हा घडला, मत कसं दिलं याला महत्त्व नाही.